इलेक्ट्रिक गिटार : लेप आणि किरकोळ दुरुस्त्या

इलेक्ट्रिक गिटारच्या लाकडावरचा लेप मुख्यतः नायट्रोसेल्युलोज लॅकरचा किंवा पॉलिएस्टर-पॉलियुरेथेनचा असतो. गिब्सन कंपनीने पहिला जपला; फेंडर १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएस्टरकडे वळली. दुरुस्तीची रीत यावरच ठरते. वाळलेला नायट्रो लॅकरही आपल्या द्रावकात विरघळतो. त्यामुळे टवका उडालेल्या जागी लावलेला नवा थर जुन्यात मुरतो आणि सांधा सहसा कळत नाही. पॉलिएस्टर विरघळत नाही. तिथे सायनोॲक्रिलेट गोंद थेंबाथेंबाने भरून, वाळल्यावर पात्याने खरवडून वॉटर पेपरने घासतात.

नायट्रो तसा नखरेल. स्टँडच्या रबराशी त्याची रासायनिक क्रिया होऊन चिकट डाग पडतो. कडाक्याच्या थंडीतून आणलेली पेटी लगेच उघडली, तर लॅकरवर केसासारख्या भेगा पडतात. गिब्सनच्या १९५० च्या दशकातील सोनेरी ‘लेस पॉल’ गिटारच्या रंगात ब्राँझची भुकटी असे. वादकाचा हात टेकून लॅकर झिजला, की ती हवा-घामाने हिरवी पडते. संग्राहकांना हा हिरवेपणा प्रिय असतो. अशा गिटारला नव्याने रंग देणे म्हणजे तिची किंमत आपल्या हाताने उतरवणे.

बाकी कुरबुरी साध्या. खरखरणाऱ्या व्हॉल्यूम पॉटमध्ये काँटॅक्ट क्लीनर फवारून खुंटी दोन्ही टोकांपर्यंत फिरवली, की आवाज बहुधा साफ होतो. जॅकचे सैल नट आवळताना मात्र जॅक धरून ठेवावा; नाहीतर तोही आत फिरतो, वायर पिळते आणि डाख सुटतो.