लोकसभेचे दादासाहेब

१५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने आपला अध्यक्ष निवडला. रिंगणात दोघे होते आणि दोघेही मराठी. एक अहमदाबादचे काँग्रेस खासदार गणेश वासुदेव मावळंकर. दुसरे सोलापूरहून निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसच्या पदरात होत्या, तेव्हा निकाल काय लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मावळंकरांना ३९४ मतं पडली, मोऱ्यांना ५५. हरणार हे दिसत असूनही विरोधकांनी मतदान घ्यायला लावलं. पुढे याच मोऱ्यांनी भारतीय संसदेच्या कार्यपद्धतीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. सभागृहाचे नियम हा विषय त्या पिढीला किती जिव्हाळ्याचा वाटत होता, ते यावरून कळतं.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकाबद्दल आपण बोलतो तेव्हा नेहरू, पटेल, आंबेडकर, राजेंद्रप्रसाद ही नावं ओघाने येतात. मावळंकर उरतात ते स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरते. ही ओळ फार तोकडी आहे. राज्यघटनेने संसद दिली, पण मंत्र्याने दिलेला शब्द पाळला की नाही हे कोणी तपासायचं, खर्चाचे अंदाज कोणी चाळायचे, विरोधकाला बोलायला वाव कुठे मिळायचा, असल्या शेकडो बारीक गोष्टी घटनेत लिहून ठेवता येत नाहीत. त्या बसवाव्या लागतात. हे काम ज्यांनी केलं, त्यांत मावळंकर सर्वांत पुढे होते.

घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, संगमेश्वराकडच्या मावळंगे गावचं. जन्म बडोद्याचा, २७ नोव्हेंबर १८८८ चा. सुरुवातीचं शिक्षण राजापूर आणि इतर ठिकाणी झालं आणि १९०२ मध्ये ते अहमदाबादेत आले. गुजरात कॉलेजातून पदवी, मुंबईतून कायद्याची परीक्षा, मग अहमदाबादेत वकिली. पुढचं सगळं आयुष्य त्याच शहराचं झालं. गुजरात सभेचे चिटणीस, खेडा जिल्ह्यातल्या सारा न भरण्याच्या लढ्यातले कार्यकर्ते, १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसच्या स्वागत समितीचे सरचिटणीस, नंतर नगरपालिकेचे अध्यक्ष अशा पायऱ्या ते चढत गेले. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. महाराष्ट्राने त्यांना गुजरातचे मानलं आणि त्यांच्या कामाची उजळणी आपल्याकडे फारशी झाली नाही, असं मला वाटतं.

स्वातंत्र्यलढ्यात त्यांची एकूण सहा वर्षं तुरुंगात गेली. तिथे भेटलेल्या कैद्यांवर त्यांनी गुजरातीत ‘मानवतानां झरणां’ हे पुस्तक लिहिलं. खून-दरोड्याच्या शिक्षा भोगणाऱ्या माणसांत माणुसकी कुठे शिल्लक आहे, ते शोधणारं हे लेखन. ते मराठीतही आलं. अध्यक्षाच्या खुर्चीतले शिस्तखोर मावळंकर समजून घ्यायचे तर ही बाजूही ध्यानात ठेवायला हवी.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि मावळंकर विधानसभेचे अध्यक्ष झाले. समोर विरोधी बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. आंबेडकर बसत. खऱ्या वादविवादाचं सभागृह सांभाळण्याची तालीम त्यांना इथेच मिळाली.

मग दिल्ली. २४ जानेवारी १९४६ रोजी केंद्रीय विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध ते उभे राहिले. सरकारी आणि नियुक्त सदस्यांचा गठ्ठा सभागृहात बसलेलाच होता. मतं मोजली तेव्हा मावळंकरांना ६६ आणि जहांगीरांना ६३. इंग्रज सरकार अजून जागेवर असताना तीन मतांनी ही खुर्ची काँग्रेसच्या माणसाकडे आली. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ते विधिमंडळ संपलं आणि त्यासोबत हे पदही.

आता पेच निर्माण झाला. घटना समितीकडे दोन कामं आली: घटना लिहायची आणि रोजचे कायदेही करायचे. समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद त्या वेळी अन्नमंत्रीही होते. मंत्रीच अध्यक्षाच्या खुर्चीत बसला तर सरकारला प्रश्न विचारायचा कोणाकडे तोंड करून? स्वातंत्र्यानंतर पाचच दिवसांनी मावळंकरांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. घटना लिहिण्याचं काम आणि कायदे करण्याचं काम वेगळं ठेवावं, कायद्याच्या बैठकांना वेगळा अध्यक्ष असावा, ही व्यवस्था तिथून पुढे आली. १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्या जागी मावळंकरांचीच निवड झाली. राजेंद्रप्रसादांच्या समोर घटनेचा मसुदा कलमवार घडत होता. त्याच सदस्यांच्या दुसऱ्या बैठकीत मावळंकर अंदाजपत्रक, प्रश्नोत्तरं आणि विधेयकं हाताळत होते. पहिल्या कामाचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे, दुसऱ्याचा माहीतही नाही.

अध्यक्षाचं कार्यालय सरकारच्या हाताखाली नको, हा आग्रह जुना होता. १९२५ मध्ये केंद्रीय विधिमंडळाचे पहिले निर्वाचित अध्यक्ष झालेल्या विठ्ठलभाई पटेलांनी सरकारशी झगडून १९२९ मध्ये स्वतंत्र कचेरी मिळवली होती. मावळंकरांनी सचिव महेश्वरनाथ कौल यांना सोबत घेऊन त्या पायावर इमारत चढवली. १९५० मध्ये अंदाज समिती आली आणि उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार तिचे पहिले प्रमुख झाले. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीवर तोवर अर्थखात्याच्या प्रमुखाचीच सत्ता चाले. तीही अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली.

त्यांचं सर्वांत देखणं काम मला आश्वासन समितीचं वाटतं. प्रश्नोत्तरांत मंत्री ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करून सभागृहापुढे ठेवू’ असं म्हणून खाली बसतो. पुढे ना तो विचार संपतो, ना ती माहिती येते. १ डिसेंबर १९५३ रोजी मावळंकरांनी या वाक्यांचाच माग काढणारी समिती नेमली. मंत्र्याचं वाक्य आश्वासन आहे का हे ठरवायचं, ते नोंदवहीत चढवायचं, किती दिवसांत पुरं झालं ते पाहायचं आणि लांबलं तर खात्याला जाब विचारायचा. जगात इतरत्र कुठेही त्या वेळी अशी समिती नव्हती.

विरोधकांशी मात्र त्यांचे खटके उडत. पारतंत्र्यात स्थगन प्रस्ताव, म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणं, हे सरकारला झोडपण्याचं हत्यार होतं. आता सरकार आपलं आहे, दुसऱ्या वाटा आहेत, असं म्हणून ते बहुतेक स्थगन प्रस्ताव नाकारत. त्या दुसऱ्या वाटा त्यांनी खरोखर उघडल्याही. अल्पकालीन चर्चा १९५३ पासून सुरू झाली, लक्षवेधी सूचना १९५४ पासून. लक्षवेधी तर अस्सल इथली निपज. पण विरोधकांच्या मनातला राग गेला नाही. १८ डिसेंबर १९५४ रोजी बिहारचे विघ्नेश्वर मिश्र यांनी अध्यक्षांना हटवण्याचा ठराव मांडला. स्थगन प्रस्ताव आणि प्रश्न नाकारताना ते निःपक्षपाती राहत नाहीत, असा आरोप होता. मावळंकर खुर्चीत नव्हते. अय्यंगार कामकाज चालवत होते. हा पक्षाचा प्रश्न नाही, काँग्रेस सदस्यांनी पक्षादेशाचं बंधन मानू नये, असं नेहरूंनी सांगितलं आणि मावळंकरांची जोरदार पाठराखण केली. ठराव फेटाळला गेला. पण तो चर्चेला आला, मुद्देसूद बोललं गेलं, मतही नोंदवलं गेलं, याचं मोल मोठं आहे.

याच नेहरूंना मावळंकर खासगी पत्रांतून स्पष्ट सुनावत. संसद भरत नसताना सरकार वटहुकूम काढतं, ही पद्धत मुळातच लोकशाहीला धरून नाही, असं त्यांनी नोव्हेंबर १९५० मध्ये सरकारला लिहून कळवलं. तातडीची गरज खरी असेल तरच वटहुकूम निघावा, आज पडलेला पायंडा उद्याची सरकारं बिनदिक्कत वापरतील, ही त्यांची भीती होती. वटहुकूम नकोसा असला तरी कधीकधी टाळता येत नाही, असं नेहरूंचं म्हणणं. मावळंकरांचं समाधान झालं नाही. १९५४ मध्ये त्यांनी हाच विषय पुन्हा उकरला. त्यांची ती भीती पुढच्या प्रत्येक सरकारने खरी करून दाखवली.

त्यांचं सगळंच पटतं असं नाही. ब्रिटिश प्रथेप्रमाणे अध्यक्षाने पक्ष सोडावा, हे त्यांनी मान्य केलं नाही. इथली राजकीय परिस्थिती त्यासाठी तयार नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते काँग्रेसमध्येच राहिले. खुर्ची आणि पक्ष यांतली रेघ आपल्याकडे कायम पुसट राहिली, त्याचा थोडा दोष या निर्णयाकडे जातो. दुसरा निर्णय विरोधी पक्षाच्या मान्यतेचा. सभागृहाच्या गणसंख्येइतके, म्हणजे एक दशांश सदस्य असतील तरच त्या गटाला पक्ष म्हणून मान्यता द्यायची, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या लोकसभेत सर्वांत मोठा विरोधी पक्ष कम्युनिस्टांचा, तोही १६ जणांचा. अधिकृत विरोधी पक्षनेता मिळायला १९६९ साल उजाडलं. २०१४ मध्ये ४४ जागांच्या काँग्रेसला हे पद नाकारलं गेलं, तेव्हा आधार याच जुन्या निर्णयाचा घेतला गेला. पक्षांचे तुकडे पडू नयेत म्हणून केलेला नियम विरोधकांना छोटं करायला वापरला गेला, हे मावळंकरांना खचितच आवडलं नसतं.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी हृदयविकाराने अहमदाबादेत त्यांचं निधन झालं, अध्यक्षपदावर असतानाच. त्यांच्या जागी पत्नी सुशीलाबाई लोकसभेवर बिनविरोध निवडून गेल्या. मुलगा पुरुषोत्तम प्राध्यापक. १९७२ च्या पोटनिवडणुकीत ते अहमदाबादेतून अपक्ष म्हणून निवडून आले. आणीबाणीत बहुतेक विरोधक तुरुंगात आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर असताना ते लोकसभेत उभे राहून सरकारविरुद्ध बोलत राहिले. ती भाषणं पुढे ‘नो, सर’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली, आणि १९७७ मध्ये गांधीनगरच्या मतदारांनी त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवलं.