मध्यवर्ती ग्रंथालय, पणजी
भारतातील अत्यंत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. मांडवीच्या मुखाशी वसलेल्या पणजीस राजधानीचा अधिकृत दर्जा मिळण्यापूर्वीच (तो 1843 मध्ये मिळाला), 15 सप्टेंबर 1832 रोजी, पोर्तुगीज व्हाइसरॉय दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु याच्या कारकीर्दीत, लष्करी विद्यालयाच्या आश्रयाने ‘पुब्लिका लिव्रारिया’ या नावाने त्याची स्थापना झाली. पुढे 1835 मध्ये धार्मिक संघ बरखास्त होऊन त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली, तेव्हा मठांतील ग्रंथही या संस्थेच्या स्वाधीन करण्यात आले. जी विद्या तोवर मठांच्या भिंतींआड मूठभर व्रतस्थांच्याच हाती होती, ती अशा रीतीने नगरवासीयांच्या आटोक्यात आली, हे या ग्रंथालयाचे सर्वांत थोर कार्य मानले पाहिजे. 1925 मध्ये ते वास्को द गामा संस्थेस जोडले गेले. त्या संस्थेच्या वास्तूच्या प्रवेशदालनात कामोइंशच्या ‘ऊश लुझियादश’ या महाकाव्यातील प्रसंग निळ्या रंगात चितारलेल्या झिलईदार फरशा भिंतींवर जडविलेल्या असून, आत आलेल्या मनुष्याने तेथे घटकाभर थबकावे, इतके ते रेखाटन प्रत्ययकारी आहे. 1961 मध्ये पोर्तुगीज अंमल संपल्यावर त्यास ‘मध्यवर्ती ग्रंथालय’ हे नाव मिळाले. सांप्रत ते पाटो येथील संस्कृती भवनात आहे.