तटाच्या आतला बुरूज

विजापूरचा उपली बुरूज बघताना पहिला प्रश्न पडतो: हा तटात का नाही? शहराचा तट १५६५ च्या सुमारास पुरा झाला. हैदरखानाने हा बुरूज बांधला साधारण १५८४ मध्ये. तटाच्या आत, अगदी सुटा. उंची जवळपास ८० फूट. जिना बाहेरच्या अंगाने वळत वर जातो. माथ्यावर दोन लांब तोफा, त्यातली एक ३० फुटांहून लांब. एवढ्या उंचीवरून तटाच्या डोक्यावरून दूरवर मारा करता येतो. म्हणजे वीसेक वर्षांत तोफांमुळे बचावाचं गणितच बदललं होतं. मित्रांनो, प्रबंधात अख्ख्या तटबंदीला एकच साल लावलंत, तर नेमका हा बदलच हातातून निसटतो. प्रत्येक बुरुजाचं साल वेगळं तपासा.