मिशिगनचा सर्वोत्तम आणि सर्वात वाईट डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर कोण? क्रमवारी लावताना काय बघायचं?

६ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघानं इलिनॉयला ६७-६५ असं हरवलं. निकालासाठी तीन ओव्हरटाइम लागले. सामना जिंकूनही टीका झाली ती ६५ गुण देणाऱ्या बचाव फळीवर. तेरा वर्षांनी, २०२३ मध्ये, याच संघानं सामन्यामागे सरासरी फक्त १०.४ गुण दिले आणि राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं.

या दोन टोकांमध्ये मिशिगननं अनेक डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर बदलले. त्यांची क्रमवारी लावायची तर कशी?

डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणजे कोण?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण आणि बचाव यांच्यासाठी वेगवेगळे खेळाडू असतात. बचावाची जबाबदारी असलेला प्रशिक्षक म्हणजे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. प्रत्येक चालीआधी कोणी कुठे उभं राहायचं, कोणाला रोखायचं हे तो ठरवतो. क्रिकेटमधला बॉलिंग कोच प्रत्येक चेंडूआधी फिल्डिंगही लावू लागला तर कसं होईल, तसंच काहीसं.

क्रमवारी

१. जेसी मिंटर (२०२२-२३): दोन हंगामांत फक्त एक पराभव. २०२३ मध्ये देशात सर्वात कमी गुण देणारा बचाव, १५-० अशी कामगिरी आणि अंतिम सामन्यात वॉशिंग्टनवर ३४-१३ असा विजय. त्याच हंगामात प्रतिस्पर्ध्यांचे इशारे चोरल्याच्या प्रकरणानं संघ वादात सापडला होता, हेही विसरता येत नाही.

२. माइक मॅकडोनाल्ड (२०२१): एकच हंगाम. पण आधीच्या वर्षाच्या तुलनेत संघानं दिलेले सरासरी गुण जवळपास निम्म्यावर आले आणि ओहायो स्टेटला २०११ नंतर पहिल्यांदाच हरवता आलं.

३. जिम हरमन (१९९७-२००५): पहिल्याच वर्षी सामन्यामागे फक्त ९.५ गुण देत १२-० आणि विजेतेपदाचा मान. देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कारही मिळाला. ती उंची मात्र पुन्हा गाठता आली नाही. २००० मध्ये नॉर्थवेस्टर्नकडून ५४-५१ असा पराभव झाला.

४. ग्रेग मॅटिसन (२०११-१४): कोलमडलेला बचाव एका वर्षात सावरला.

५. डॉन ब्राउन (२०१६-२०): २०१६ मध्ये सर्वात कमी यार्ड देणारा बचाव यांचाच. पण ओहायो स्टेटनं २०१८ मध्ये ६२ आणि २०१९ मध्ये ५६ गुण ठोकले. मिशिगनमध्ये या एका सामन्यावरून अख्खा हंगाम तोलला जातो.

६. ग्रेग रॉबिन्सन (२००९-१०): २०१० मध्ये सामन्यामागे ३५.२ गुण दिले.

मग रॉबिन्सन खरंच सर्वात वाईट होते का?

इथे गाडी अडते. हेच रॉबिन्सन कोऑर्डिनेटर असताना डेन्व्हर ब्रॉन्कोजनं सलग दोन सुपर बोल जिंकले होते. मिशिगनमध्ये त्यांना हेड कोच रिच रॉड्रिगेझ यांच्या पसंतीची ३-३-५ रचना राबवावी लागली. ही त्यांची नेहमीची पद्धत नव्हती. हाताशी खेळाडूही बरेचसे नवखे होते.

पण दुसरी बाजूही आहे. २०११ मध्ये मॅटिसन आले तेव्हा बरेचसे खेळाडू तेच होते, फक्त एक वर्षानं मोठे झालेले. तरीही सरासरी ३५.२ वरून १७.४ गुणांवर आली. म्हणजे सगळा दोष खेळाडूंच्या माथी मारता येत नाही.

म्हणून रॉबिन्सन यांचा शेवटचा क्रमांक त्यांच्या मिशिगनमधल्या दोन वर्षांपुरताच आहे, अख्ख्या कारकिर्दीचा नाही.

अशी यादी वाचताना काय बघावं?

एका हंगामाच्या आकड्यावर लगेच मत बनवू नये. आधीच्या माणसाकडून कसा संघ मिळाला, बचावाची रचना कोणी ठरवली आणि मोठ्या सामन्यात काय झालं, हे तपासावं. ब्राउन यांच्या २०१६ च्या आकड्यांवरच थांबलं तर ते यादीत कितीतरी वर जातील. २०२० मध्ये याच ब्राउन यांच्या संघानं सामन्यामागे ३४.५ गुण दिले होते.