सॉरबॉनच्या वर्गाबाहेरील ओळख

महाविद्यालयात झालेली ओळख विवाहाच्या गोष्टीपर्यंत पोहोचली की आपल्या घरांतून अजूनही काहीसे चिंतेचे वातावरण निर्माण होते. मुलगा कोणत्या घरचा, मुलगी कोणत्या धर्मग्रामातली, घरात संध्याकाळची प्रार्थना होते की नाही, असे प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात आणि ते विचारणे योग्यच आहे. प्रस्तुत लेखात ज्या जोडप्याची हकिकत सांगावयाची आहे, त्यांच्या बाबतीत यांपैकी एकाही प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नसते. मुलगा नावापुरता प्रॉटेस्टंट, मनाने समाजवादी. मुलगी रशियातून आलेल्या यहुदी शिंप्याची कन्या. आणि दोघांचाही देवावर विश्वास नाही! तरीही विसाव्या शतकातील ख्रिस्तसभेच्या इतिहासात ज्या प्रापंचिक दांपत्यांची नावे आदराने घेतली जातात, त्यांत झाक आणि राइसा मारितँ यांचे नाव अग्रभागी आहे. विद्यार्थिदशेतील या दोघांचा उल्लेख मी एकेरीच करणार आहे. पुढील आयुष्यात लाभलेल्या थोरवीचे ओझे विशीतल्या पोरांच्या खांद्यांवर आताच कशाला?

झाकचा जन्म १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईचे वडील झ्यूल फाव्र हे फ्रेंच प्रजासत्ताकाच्या संस्थापकांपैकी एक. १८७१ मध्ये बिस्मार्कशी युद्धविरामाची बोलणी करण्याचे कटू कर्तव्य परराष्ट्रमंत्री या नात्याने त्यांच्याच वाट्याला आले होते. झाकच्या आईवडिलांचा घटस्फोट झालेला होता. आई जनव्हिएव्ह बुद्धिमान, करारी आणि धर्मसंस्थेविषयी साशंक. अशा घरात वाढलेल्या मुलाने प्रजासत्ताक, विज्ञान आणि न्याय या त्रयीलाच आपला धर्म मानले, यात नवल नाही. सोळाव्या वर्षी त्याने घरच्या स्वयंपाकिणीच्या कामगार नवऱ्याला पत्र लिहून आपले आयुष्य कष्टकऱ्यांच्या क्रांतीला वाहण्याचा निर्धार कळविला होता.

राइसा उमान्सॉफ १२ सप्टेंबर १८८३ रोजी डॉन नदीकाठच्या रॉस्तॉव्ह शहरात जन्मली. तिचे बालपण मारियुपोलमध्ये गेले. झारच्या सरकारने १८८७ मध्ये यहुदी मुलांच्या शालेय प्रवेशावर टक्केवारीची मर्यादा घातली होती. मुली हुशार आहेत, पण या देशात त्यांना भवितव्य नाही, हे ओळखून आईवडिलांनी देश सोडला. वडिलांच्या मनात न्यू यॉर्कला जाण्याचे होते. एका परिचिताने मुलींच्या शिक्षणासाठी पॅरिस सुचविले आणि कुटुंब तेथे आले. तेव्हा राइसा दहा वर्षांची होती व तिला फ्रेंचचा गंधही नव्हता. सतराव्या वर्षी तीच मुलगी सॉरबॉनच्या विज्ञान शाखेत दाखल झाली.

१९०० सालच्या हिवाळ्याच्या सुमारास एके दिवशी ती वनस्पतिशरीरक्रियाशास्त्राच्या वर्गातून बाहेर पडत होती. सोनेरी केसांचा, किंचित वाकून चालणारा, विरळ दाढीचा एक तरुण पुढे आला. त्याने आपले नाव सांगितले आणि कामाचे बोलू लागला. रशियात त्या वेळी विद्यार्थ्यांवर दडपशाही चालली होती. १८९९ मध्ये झारशाहीने असा नियम केला होता, की चळवळीत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांना सक्तीने सैन्यात पाठवावे. १९०१ च्या आरंभी कीव्ह विद्यापीठातील १८३ विद्यार्थ्यांवर तो लागूही झाला. या छळाविरुद्ध फ्रेंच लेखक व प्राध्यापक यांचा निषेध संघटित करण्यासाठी झाक विद्यार्थ्यांची समिती उभारीत होता आणि समितीत राइसाने यावे, अशी त्याची विनंती होती. तिने होकार दिला. दोघे मिळून मान्यवरांच्या दारांशी जाऊ लागले. त्यांच्या प्रेमाचा पहिला अध्याय हा असा दुसऱ्यांच्या दुःखापायी घरोघर हिंडण्यात गेला.

पुढे वर्ग सुटल्यावर तो तिला घरापर्यंत सोडावयास जाऊ लागला. अंतर बरेच, पण बोलणे त्याहून लांब. आई घरी वाट पाहत आहे, जेवण थंड होत आहे, याचेही भान राहत नसे. झाकने तत्त्वज्ञानाची पदवी आधीच मिळविली होती आणि आता तो विज्ञान शिकत होता. या बोलण्यात एकमेकांच्या स्तुतीला फारशी जागा नव्हती. जगाला काही अर्थ आहे काय, न्याय हा केवळ माणसांचा सोयीस्कर करार आहे की त्याला काही आधार आहे, सत्य नावाची वस्तू आहे की नाही, या प्रश्नांनी दोघांना पछाडले होते.

त्या प्रश्नांना सॉरबॉनमध्ये उत्तर नव्हते. तेथील विज्ञानाचे अध्यापक जडवादी. फेलिक्स ल दांतेक यांच्यासारख्या नामवंत जीवशास्त्रज्ञाच्या मते मन ही देहाच्या रसायनांची सावली होती. तत्त्वज्ञानाचे अध्यापक विद्वान खरे, पण विचारांचा इतिहास सांगून थांबणारे. कोणता विचार खरा, हे त्यांना विचारणे अप्रस्तुत ठरे. राइसाने एकदा एका अध्यापकांना वस्तूंच्या मूळ कारणाविषयी काही विचारले, तेव्हा हा तर गूढवाद झाला, असे उत्तर तिला मिळाले. सतरा वर्षांच्या मुलीचा तो साधा प्रश्न होता. पण त्या काळच्या विद्यापीठात गूढवाद या शब्दाइतका मोठा दोषारोप नव्हता.

यातून जे घडले ते सांगताना आजही मन दचकते. एका उन्हाळी दुपारी हे दोघे पॅरिसच्या प्रसिद्ध वनस्पतिउद्यानात, जार्दां दे प्लांतमध्ये, फिरत होते. आपल्या विचारांचा हिशेब त्यांनी तेथे मांडला. सत्य नाही, न्यायाला आधार नाही, दुःखाला अर्थ नाही, असेच जर असेल तर प्रतिष्ठेने जगणे अशक्य. तरीही आणखी काही काळ आयुष्यावर भरवसा ठेवून पाहावा. तेवढ्या अवधीत उत्तर सापडले नाही तर दोघांनी मिळून जीवनाचा शेवट करावा, असा निश्चय झाला. हा तारुण्यातील अतिरेक होता, हे खरे. परंतु तो प्रेमभंगाचा किंवा परीक्षेतील अपयशाचा अतिरेक नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याही घरांतील विशीची मुले कधी कधी आतल्या आत असे हिशेब मांडीत असतात आणि आपण त्यांना फक्त गुणपत्रिकेविषयी विचारतो.

त्यांना त्या कड्यावरून मागे ओढले ते कवी शार्ल पेगी यांनी. सॉरबॉनसमोरच्या रस्त्यावर पेगींचे एक लहानसे दुकान होते. तेथून ते आपले नियतकालिक काढीत. झाकपेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठे, शेतकरी-कारागीर घरातले, द्रायफूस प्रकरणात न्यायासाठी लढलेले. त्यांनी या जोडीला रस्ता ओलांडून कोलेज द फ्रांसमध्ये आंरी बर्गसाँ यांच्या व्याख्यानांना नेले. ही व्याख्याने सर्वांना खुली असत व सभागृह तुडुंब भरे. माणसाची बुद्धी केवळ मोजमापात अडकलेली नाही, वस्तूच्या अंतरंगापर्यंत पोहोचण्याची शक्ती मनुष्याला आहे, असे बर्गसाँ सांगत होते. राइसा आणि झाक यांना जणू बंद खोलीची खिडकी उघडल्यासारखे झाले. बर्गसाँ स्वतः यहुदी घराण्यातील. आयुष्याच्या अखेरीस ते मनाने कॅथलिक श्रद्धेच्या अगदी जवळ आले होते. पण छळ सोसणाऱ्या आपल्या लोकांना सोडून जाणे त्यांना प्रशस्त वाटले नाही, असे त्यांनी १९३७ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवले. इतरांना दार उघडून देणारा हा माणूस स्वतः उंबरठ्यावर उभा राहिला. त्याला नावे ठेवण्याचे धाडस मी करणार नाही.

१९०२ मध्ये झाक आणि राइसा यांचा वाङ्‌निश्चय झाला. तो कसा झाला, हे राइसाने आपल्या आठवणींत सांगितले आहे आणि त्यात नाट्य मुळीच नाही. उमान्सॉफ यांच्या दिवाणखान्यात ती खुर्चीवर बसली होती, तो जवळच खाली गालिच्यावर. आपण नेहमीच असे जवळ होतो आणि नेहमीच असणार, असे तिला एकाएकी वाटले. तिने सहज हात पुढे करून त्याच्या केसांवरून फिरविला. त्याने वर पाहिले. विचारणे नाही, होकार नाही. सारे ठरले होते. दोन वर्षांनी, २६ नोव्हेंबर १९०४ रोजी, त्यांचा विवाह झाला. नोंदणी पद्धतीने, कारण कोणत्याच धर्माचा आशीर्वाद त्यांना हवासा वाटत नव्हता.

आशीर्वाद आला तो भलत्याच वाटेने. लेऑन ब्ल्वा या लेखकाची एका गरीब स्त्रीविषयीची कादंबरी त्यांच्या वाचनात आली. संत होता आले नाही, हेच जगातील एकमेव दुःख, असा तिचा सूर होता. ब्ल्वा तापट, तिखट लेखणीचा आणि कायम कर्जबाजारी. झाक आणि राइसा यांनी २० जून १९०५ रोजी त्यांना पत्र लिहिले व सोबत पंचवीस फ्रँक पाठविले. पाच दिवसांनी मोंमार्त्रच्या टेकडीच्या पायऱ्या चढून ते त्यांच्या दारी गेले. बावीस वर्षांचा नवरा, एकवीस वर्षांची बायको. समोर अठ्ठावन्न वर्षांचा थकलेला गृहस्थ, त्याची पत्नी, दोन मुली आणि उघडेनागडे दारिद्र्य. ब्ल्वांनी वादविवाद केला नाही, पुरावे दिले नाहीत. त्यांनी पाहुण्यांना घरात घेतले आणि संतांची चरित्रे वाचावयास दिली. एका कॅथलिक कुटुंबाचे बिऱ्हाड पाहून ही दोन हुशार मुले हलली. विद्यापीठाला जे साधले नाही ते त्या बिऱ्हाडाला साधले.

तरी पुढचे वर्ष यातनांचे गेले. ख्रिस्ती व्हावयाचे तर तत्त्वज्ञानाला कायमचा निरोप द्यावा लागेल, अशी झाकची समजूत होती. राइसाची व्यथा अधिक खोल होती. द्रायफूस या निरपराध यहुदी अधिकाऱ्याला १८९४ मध्ये शिक्षा झाल्यापासून फ्रान्समधील कॅथलिक वृत्तपत्रांतून यहुद्यांविरुद्ध जे विष ओकले जात होते, ते ती वाचीत आली होती. त्याच लोकांच्या पंक्तीला जाऊन बसावयाचे, आणि आपल्या मायबापांना वाटणार की मुलगी शत्रूला मिळाली! सांसारिक लाभाचाही प्रश्न नव्हता. डिसेंबर १९०५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये ख्रिस्तसभा आणि शासन यांची फारकत झाली. नव्या वर्षी चर्चमधील वस्तूंच्या सरकारी मोजदादीवरून दंगे उसळले. सुशिक्षित मंडळी ख्रिस्तसभेकडे पाठ फिरवीत होती, नेमक्या त्या वेळी हे दोघे तिच्या दाराशी उभे होते.

११ जून १९०६ रोजी मोंमार्त्रच्या संत योहानाच्या मंदिरात झाक, राइसा आणि राइसाची धाकटी बहीण व्हेरा यांचा स्नानसंस्कार झाला. धर्मपिता अर्थातच ब्ल्वा. क्षणापर्यंत मन कोरडे होते आणि नंतर मोठी शांती लाभली, असे राइसा सांगते. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने द्रायफूस यांना निर्दोष ठरविले. घरी मात्र शांती नव्हती. झाकच्या आईला मुलाने घराण्याच्या परंपरेचा विश्वासघात केला असे वाटले. राइसाच्या आईवडिलांचे दुःख तर शब्दांपलीकडचे होते.

नव्या श्रद्धेच्या भरात झाककडून चुकाही झाल्या. पेगी पुन्हा विश्वासाकडे वळले होते, पण त्यांच्या पत्नीचा विश्वास नव्हता आणि मुलांचा स्नानसंस्कार झालेला नव्हता. १९०९ मध्ये झाक त्यांच्या घरी जाऊन त्या बाईंना उपदेश करून आला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. बाई दुखावल्या, पेगी दुरावले. ज्याने मरणाच्या विचारापासून परत आणले, त्याच्याच संसारात ही ढवळाढवळ! ब्ल्वांच्या घरी आपल्याला कोणी उपदेश केला नव्हता, हे झाक त्या दिवशी विसरला होता.

तत्त्वज्ञान सोडावे लागेल ही भीती खोटी ठरली, आणि त्याचे श्रेय राइसाकडे जाते. संत थॉमस अक्वायनस यांचा महाग्रंथ आधी तिने आजारपणात वाचावयास घेतला, मग झाकने. मारितँ पुढे त्या परंपरेचे जगद्विख्यात भाष्यकार झाले. १९१२ मध्ये दोघांनी परस्परसंमतीने, प्रार्थनामय जीवनासाठी, ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. त्यांना मूलबाळ नव्हते. हे वाचून आपल्या संसारी वाचकांनी बिचकण्याचे कारण नाही. ख्रिस्तसभेने तो मार्ग सर्वांना घालून दिलेला नाही आणि मारितँ यांनीही तो कधी कोणाला सुचविला, असे वाटत नाही. व्हेरा आयुष्यभर त्यांच्याच घरात राहिली.

दुसऱ्या महायुद्धात राइसा यहुदी कुळातील असल्याने फ्रान्सला परतणे शक्य नव्हते, म्हणून हे कुटुंब न्यू यॉर्कमध्ये राहिले. ज्या शहरी तिचे वडील तिला बालपणी नेणार होते, तेथे ती अशी पोहोचली. तेथेच १९४१ मध्ये तिने आपल्या मैत्रीच्या आठवणींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सॉरबॉनच्या वर्गाबाहेरची ती पहिली भेट आपल्याला ठाऊक आहे ती त्यामुळेच.

राइसाचे ४ नोव्हेंबर १९६० रोजी निधन झाले. मारितँ यांनी तिची रोजनिशी संपादून छापली आणि आपण तूलूझ येथे येशूच्या लहान बंधूंच्या संघात राहावयास गेले. ८ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या समारोपाला पोप सहावे पॉल यांनी जगातील विचारवंतांना उद्देशून लिहिलेला संदेश त्यांच्याच हाती दिला. २८ एप्रिल १९७३ रोजी त्यांनी देह ठेवला. आल्सास प्रांतातील कोल्ब्सहाइम या खेड्यात दोघांची एकच कबर आहे. तिच्यावरील शिळेवर राइसा मारितँ हे नाव ठळक कोरलेले आहे, आणि खाली कोपऱ्यात लहान अक्षरांत: आणि झाक.