रामदास बोट, आजीचा भाऊ आणि एक फेरफार

घरात वर्षानुवर्षं सांगितली जाणारी एखादी गोष्ट खरी आहे का, हे तपासायचं तर सुरुवात कुठून करायची? माझाच अनुभव सांगते, त्यातल्या चुकीसकट.

वर्ध्याला समुद्र नाही. आमचं पाणी म्हणजे पवनारची धाम नदी आणि बोर धरण. पण माझी आजी अलिबागकडची, लग्न होऊन इकडे आलेली. तिचा मोठा भाऊ मुंबईत कामाला होता. "तो रामदास बोटीत गेला, गटारीच्या दिवशी," एवढंच ती सांगते.

ही बोट १७ जुलै १९४७ रोजी, गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. भर पावसाळ्यात, काशाच्या खडकाजवळ लाटांनी ती कलंडली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. काही वाचली, त्यात रेवसकडच्या कोळ्यांचा मोठा हात होता. मृतांचा आकडा कुठे ६२५ मिळतो, तर कुठे सातशेच्या आसपास. जुने पेपर उघडलेत तर पहिल्या पानावर थांबू नका. दुसऱ्याच दिवशी, १८ जुलैला, भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याला ब्रिटिश राजाची संमती मिळाली होती.

मी एम.एस्सी.वाली, त्यामुळे आधी तिथी तपासली. गटारी म्हणजे आषाढ अमावास्या. चंद्राच्या तिथी आणि सूर्याच्या तारखा दर १९ वर्षांनी जवळजवळ पुन्हा जुळतात. २०२३ मध्ये १७ जुलैला आषाढ अमावास्या होती (सोमवती होती, म्हणून अनेकांना आठवत असेल) आणि पुढे अधिक श्रावण लागला. त्यातून १९ ची चार चक्रं, म्हणजे ७६ वर्षं, वजा करा. १९४७! आजीची तिथी अगदी बरोबर निघाली. मी खुशीत गाइडना दाखवलं. ते म्हणाले, "छान. पण यातून भावाबद्दल काय सिद्ध झालं?"

काहीच नाही. बोट गटारीला बुडाली हे त्या भागात घराघरात माहीत होतं. भाऊ बोटीत असो वा नसो, आजीला तिथी माहीत असणारच. चुकीच्या ब्युरेटवर दोघांनी टायट्रेशन केलं आणि उत्तर जुळलं, तर ती दोन स्वतंत्र रीडिंग होत नाहीत. हे मी लॅबमध्ये ज्युनियरना शिकवते, आणि घरच्या गोष्टीत स्वतःच विसरले.

मग बोटीचा नाद सोडला. रोजच्या फेरीबोटीच्या तिकिटावर कुठे प्रवाशाचं नाव असतं? माणूस शोधायचा तर तो जमिनीच्या कागदात. विदर्भात जात पडताळणीसाठी ज्यांच्या घरी धावपळ झालीय, त्यांना 'कोतवाल बुक' सांगायला नको. गावच्या जन्ममृत्यूची ती नोंद, गाव नमुना १४. आजीच्या गावची त्या वर्षाची पानं काही हाती लागली नाहीत. आणखी एक गंमत: १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. जुन्या सूचीत 'रायगड' शोधाल तर हाती काही लागणार नाही, आणि 'कुलाबा' टाकलं की मुंबईतला कुलाबाही समोर येतो. माझे दोन दिवस त्यात गेले.

शेवटी सापडला तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. वडील आधीच वारलेले, जमीन भावाच्या नावावर. १९४८ च्या नोंदीत तलाठ्याने लिहिलंय की खातेदार सुमारे आठ महिन्यांपूर्वी मयत, वारस आई. नोंदीच्या तारखेपासून मागे मोजलं की १९४७ चा पावसाळा येतो. मृत्यूचं कारण लिहिलेलं नाही. पण ही ओळ आजीच्या गोष्टीवर अवलंबून नाही, म्हणून मला ती तिथीपेक्षा मोलाची वाटते. त्याचा मृत्यू आणि साधारण काळ कागदावर आहे. बोट मात्र फक्त आजीच्या तोंडी.

आजीला फेरफार वाचून दाखवला. तिने भावाचं नाव दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "यात रामदास कुठंय?"

"नाहीये, आजी."

"मग तू लिही ना."

मी लिहिलंय. पुढे 'बहिणीच्या सांगण्यानुसार' असं जोडलंय, आणि तिने ते सांगितलं ती तारीखही.