कशाभिका

पेशीच्या पृष्ठभागातून बाहेर आलेला, तिला द्रवातून पुढे नेणारा लांब, बारीक तंतू. जीवाणूच्या सूक्ष्म आकारामुळे त्याला पाणी काकवीसारखे दाट ठरते. रेटा थांबताच तो जागीच थांबतो. नुसती मागेपुढे हालचाल तेथे व्यर्थ जाते, म्हणून मळसूत्री तंतू गोल फिरवावा लागतो. ए. कोलाय जीवाणूत तंतूची जाडी सु. २० नॅनोमीटर असून पेशीपटलातील यंत्रणा त्याला सेकंदाला सु. १०० फेरे देते. त्यासाठीची ऊर्जा पटलातून आत शिरणाऱ्या प्रोटॉनांच्या प्रवाहातून मिळते. सजीवात खरेखुरे फिरते यंत्र असावे, ही विलक्षणच गोष्ट होय. हॉवर्ड बर्ग व रॉबर्ट अँडरसन यांनी हे फिरणे १९७३ मध्ये प्रतिपादले. १९७४ मध्ये मायकेल सिल्व्हरमन व मेल्व्हिन सायमन यांनी कशाभिका काचेला जखडली, तेव्हा पेशीच गरगर फिरू लागली.

घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरताना तंतूंची जुडी होऊन पेशी सरळ पोहते. दिशा उलटली की जुडी विस्कटते, पेशी कोलांटते आणि नवी वाट धरते. अन्नाकडे सरकताना या कोलांट्या कमी होतात.

शुक्रपेशीची कशाभिका मात्र फिरत नाही. डायनीन हे प्रथिन एटीपी वापरून तिच्यातील सूक्ष्मनलिका सरकवते आणि शेपटातून लाट पुढे जाते.